कर्नलच्या दस्तऐवजात सेटिंगचे नाव एका अक्षराने चुकले आहे; पॅच पाठवावा का?

पॅच, म्हणजे दुरुस्तीचा छोटा बदल, अवश्य पाठवावा. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या) दस्तऐवजातील चुकीचे नाव वाचकाने डॉट कॉन्फिग या निवडलेल्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये जसेच्या तसे उतरवले, तर बिल्ड, म्हणजे कर्नल तयार करण्याची प्रक्रिया, सहसा ते अनोळखी नाव गुपचूप गाळून टाकते आणि हवी ती सुविधा चालू होतच नाही. नागपुरात धरमपेठेतल्या खोलीवर माझी एक अख्खी रात्र अशाच एका गळालेल्या अंडरस्कोअरपायी (_) गेली.

आधी केकॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्ज जेथे मुळात घोषित केलेल्या असतात तेथे, मूळ नाव पाहावे. तेथे नावाला डॉट कॉन्फिगमधला ‘कॉन्फिग अंडरस्कोअर’ (CONFIG_) हा उपसर्ग नसतो. मग गिट ग्रेपने, म्हणजे कोडमध्ये शब्द शोधणाऱ्या आदेशाने, तीच चूक इतरत्र शोधावी. ते नाव पूर्वी खरोखरच अस्तित्वात होते का, हे गिट लॉगमध्ये, म्हणजे जुन्या बदलांच्या नोंदीत, तपासणे मात्र अत्यंत आवश्यक आहे, कारण तसे असल्यास ती अक्षराची चूक नसून मजकूरच जुना झालेला असतो. पॅचच्या संदेशात दोन्ही नावे लिहावीत आणि शेवटी साइन्ड-ऑफ-बाय ही स्वतःच्या नावाची ओळ द्यावी.