बक्षिसं वाटायची नोकरी?

"मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एफएम केंद्रात प्रमोशनच्या कामाची सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय. बक्षिसं वाटणं ही काय नोकरी झाली? बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं आम्हाला वाटतं." – एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

नमस्कार,

बक्षीस वाटणं हे त्या कामाचं शेवटचं टोक. खरं काम आधीचं : सकाळी लावलेला रेडिओ माणसानं तासभर बंद करू नये, म्हणून काय विचारायचं आणि कधी. आठला प्रश्न, साडेआठला उत्तराची एक खूण, नऊला उत्तर. मधल्या जाहिरातींवरच तर केंद्र चालतं. क्रिकेटचा प्रश्न कुठल्याही शहरात चालतो, पण शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्यात आज पहिला गोल कोणत्या तालमीच्या संघाचा, असं विचारा; अख्खी पेठ फोनला चिकटेल. हे सुचायला कोल्हापूरचंच पोर लागतं.

बक्षीस मोठंच हवं असं नाही. दोघांचं तांबडा-पांढऱ्याचं जेवण आणि आरजेच्या तोंडून आपलं नाव, एवढ्यावर लोक खूश असतात. जेवणही हॉटेलवाला जाहिरातीच्या बदल्यात देतो. बक्षीस 10,000 रुपयांच्या वर गेलं की मात्र केंद्राला त्यावर 30 टक्के कर कापावा लागतो. स्कूटर दिली तरी सुटका नाही, आधी कर भरला जायला हवा, मग चावी. पैसे घेऊन सोडत काढली तर ती लॉटरी ठरू शकते. आणि स्पर्धेचा निकाल दडवणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तिचं बी. कॉम. वाया जात नाही, ते असं.

मला स्वतःला एका केंद्राकडून कुकर लागला होता. चार खेपा घातल्या, दर वेळी "साहेब बाहेर गेलेत." कुकर आजतागायत आलेला नाही आणि ते केंद्र मी परत लावलेलं नाही. विजेत्यांची वही नीट ठेवणारं, फोन करून बक्षीस हातात पोचवणारं माणूस तिथे नव्हतं, एवढंच.

आता तुमचा प्रश्न. कोल्हापुरात रेडिओत जागा मोजक्या आणि सुरुवातीचा पगार बेताचा, हे लपवत नाही. पण हेच काम इव्हेंट कंपन्यांना, दूध संघांना, सराफांनाही लागतं. बँकेच्या परीक्षा सहा महिन्यांनीही देता येतील. होकार देण्याआधी तिला तिथे एवढं विचारू द्या : एक तरी स्पर्धा नियम लिहिण्यापासून विजेत्याच्या सहीपर्यंत मला करायला मिळेल का? रंकाळ्यावर नुसता बॅनर धरून उभं राहायचं असेल, तर खुशाल नाही म्हणा.