‘दोनच तास आणून बसवा’ म्हणतात

ताई,
माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. त्याला ऑटिझम आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातून दाखला मिळाला, दिव्यांगांचं ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्डही आलंय. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले मुख्याध्यापक म्हणतात, ‘दोन तास आणून बसवा आणि घेऊन जा, नाहीतर त्याची वेगळी शाळा बघा.’ मी सारखी जाऊन विनवते. कधी रडू फुटतं, कधी आवाज चढतो. मिस्टर शिरोली एमआयडीसीत, त्यांना सुट्टी मिळत नाही. सासरे म्हणतात, ‘गावात भांडखोर म्हणून नाव झालंय तुझं.’ मी खरंच चुकतेय का? आणि मागू तरी कुणाकडे?
– एक आई, करवीर तालुका

ताई, मुलासाठी मागताय यात काही चूक नाही. फक्त आजवर सगळं तोंडी चाललंय. मुख्याध्यापक तोंडी सांगतात, तुम्ही तोंडी विनवता, आणि तोंडी बोलण्यात खुर्चीवर बसलेल्याचंच खरं ठरतं. आता कागदावर या.

तुम्ही मेहरबानी मागत नाही आहात, हे आधी मनाशी पक्कं करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनं, मोफत शिकता येतं. दाखल्यावरची टक्केवारी तेवढी बघून घ्या. उद्या तुम्हालाच विशेष शाळा बरी वाटली तर जरूर घाला, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ते तुम्ही ठरवायचं. मुख्याध्यापकांनी ‘घेऊन जा’ म्हटलं म्हणून नाही.

अर्ज साध्या कागदावर, दोन प्रतींत लिहा. ‘माझ्या मुलाकडे लक्ष द्यावे’ असं लिहू नका. ‘देतो की’ म्हणून कुणीही मोकळं होतं. असं लिहा: ‘आपण अमुक तारखेला माझ्या मुलास रोज दोनच तास पाठवण्यास सांगितले. त्याचे कारण लेखी द्यावे. त्यास पूर्ण वेळ वर्गात बसू द्यावे. मधल्या सुट्टीच्या घंटेने तो कान दाबून पळतो, म्हणून घंटेआधी पाच मिनिटे त्यास बाहेर आणावे. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना बोलावून त्याच्या अभ्यासात काय बदल करायचे ते ठरवावे.’ घंटेचं मी उदाहरण दिलं. तुमच्या लेकराला कशाचा त्रास होतो ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? एक प्रत त्यांना द्या, दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

उत्तर आलं नाही तर त्या पोचेची झेरॉक्स जोडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, तिथंही काही झालं नाही तर नागाळा पार्कात जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. त्यापुढे पुण्यात दिव्यांग आयुक्त आहेत. तक्रारीच्या चौकशीत साक्षीला बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे अधिकार कायद्यानं त्यांना दिलेत.

वर्गातल्या बाईंवर मात्र राग काढू नका. भरलेला वर्ग सांभाळताना त्यांचीही ओढाताण होते. ‘त्याच्यामुळं तुम्हाला केव्हा सगळ्यात अवघड जातं?’ असं एकदा एकट्यात विचारा. त्या सांगतील तेही अर्जात घालता येईल, आणि विशेष शिक्षकांची मदत त्यांनाही हवीच असेल.

थेरपीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. शाळेत तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, डॉक्टरांना गाठून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागा; अशा मुलांची तपासणी आणि थेरपी तिथं होते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत ऑटिझम असलेल्यांना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही समावेश आहे. शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्याचा हिशेब ग्रामसभेत विचारा. गावात अशी आणखी घरं असतील, त्यांना सोबत घ्या. चार आया एकत्र उभ्या राहिल्या की एकटीला कुणी भांडखोर म्हणत नाही.

आता सासऱ्यांचं. त्यांना नातवाची माया नाही असं मला वाटत नाही, लोक काय म्हणतील याचं भय आहे. त्यांना बाजूला ठेवू नका, कामाला लावा. पंचायत समितीत फाइल घेऊन त्यांनाच पाठवा. आजोबांच्या वयाचा माणूस समोर उभा राहिला की टेबलापलीकडचा जरा सरळ बोलतो. घरी विषय निघाला तर शांतपणे सांगा: याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड लावला. आपण तर पोराला शाळेत घ्या म्हणून मागे लागलोय, मामंजी. यात नाव खराब व्हायचं काय कारण?

रडू येईल, येऊ दे. फक्त अर्ज हातात असताना बोलणं थोडकं ठेवा. लेखी उत्तर आलं की त्याची झेरॉक्स मला पाठवा, पुढचा अर्ज आपण दोघी मिळून लिहू.