मागची काच बदलताना
बहुतेक गाड्यांत मागची काच टफन्ड असते, म्हणजे फुटली की तिचे बारीक तुकडेच होतात, त्यामुळे पुढच्या काचेसारखा तडा भरून घ्यायचा विचार सोड. नवी मागवताना डीफॉगरच्या (काच तापवून वाफ घालवणाऱ्या) रेषा, अँटेना, वायपरचं भोक जुन्या काचेशी पडताळ. फसगत इथेच होते. फुटलेल्या काचेचा चुरा सीटबेल्टच्या खाचेतही शिरतो, व्हॅक्यूम नीट मार. काच चिकटवलेली असेल तर चौकटीवरचा जुना गोंद मुळापर्यंत खरवडू देऊ नकोस. एक-दोन मिलिमीटरचा थर राहिला की नवं युरेथेन (काच चिकटवायचा गोंद) त्यावर छान धरतं. पत्र्यावर ओरखडा गेलाच तर आधी प्रायमर, नाहीतर गंज आतल्या आत पसरतो. पहिला दिवस एक खिडकी किंचित उघडी ठेव. दार आपटलं की आतली हवा ओल्या गोंदावर दाब देते. आणि हो, पैसे चुकते करण्याआधी डीफॉगर लावून बघ.