३४ इंची वक्र मॉनिटर: आधी टेबल मोजा, ‘आर’ नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा: सध्या २७ इंची सपाट मॉनिटर (२५६० × १४४०), आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, टेबल ६० सेंटिमीटर खोल. घ्यायचाय ३४ इंची अल्ट्रावाइड (रुंदी-उंचीचं प्रमाण नेहमीच्या १६:९ ऐवजी २१:९), ३४४० × १४४० चा. गाडी अडलीये १५००आर घ्यावा की १०००आर यावर. खेळ व्हॅलोरंट, फोर्झा होरायझन ५ आणि एल्डन रिंग.

‘आर’चा प्रश्न सगळ्यात किरकोळ आहे, म्हणून तो आधी उरकतो. १५००आर म्हणजे १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ३४ इंची पॅनल साधारण ८० सेंटिमीटर रुंद असतं. मधोमध ७५ सेंटिमीटरवर बसलात, तर सपाट पडद्याच्या कडा डोळ्यांपासून ८५ सेंटिमीटरवर जातात. १८००आरमध्ये त्या ८१ वर येतात, १५००आरमध्ये ८० वर आणि १०००आरमध्ये ७८ वर. म्हणजे १५०० आणि १००० मध्ये फरक जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. ४९ इंचीला मात्र १०००आर कामाला येतो, कारण तिथे रुंदी १२० सेंटिमीटरच्या घरात जाते. मॉनिटरवर एक्सेलचं किंवा ड्रॉइंगचं कामही होणार असेल, तर १०००आरवर सरळ रेषा वाकल्यासारख्या दिसतात. सवय होते, पण पहिला आठवडा डोक्याला ताप.

आता टेबल. ६० सेंटिमीटरच्या टेबलावर कंपनीच्या स्टँडसकट मॉनिटर ठेवला, की पडदा मागच्या कडेपासून पंधरा-वीस सेंटिमीटर पुढे येतो. मग डोळ्यांपासून अंतर उरतं ५० च्या आसपास. त्या अंतरावरून ८० सेंटिमीटरचा पडदा सुमारे ७७ अंशांत पसरतो. कोपऱ्यातला नकाशा आणि गोळ्यांचा आकडा बघायला मान वळवावी लागते. ७५ सेंटिमीटरवरून तोच पडदा ५६ अंशांत मावतो. उपाय म्हणजे मॉनिटर आर्म, म्हणजे टेबलाच्या कडेला क्लँपने बसणारा, मॉनिटर धरणारा हात. पण आर्मचं कोपर दुमडल्यावर टेबलाच्या मागे येतं, त्यामुळे भिंत आणि टेबल यांच्यात दहा-पंधरा सेंटिमीटर जागा सोडावी लागते. टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर आर्म घेऊनही पडदा मागे जाणार नाही.

आर्म घेताना नुसतं वजन बघू नका. स्टँडशिवाय ३४ इंची पॅनल साधारण ५.५ ते ७ किलो भरतं, पण कडा पुढे आलेल्या असल्याने गुरुत्वमध्यही पुढे सरकतो. सात किलोची मर्यादा असलेल्या आर्मवर सहा किलोचा वक्र मॉनिटर लावला, की तो हळूहळू खाली मान टाकू शकतो. किमान नऊ किलोचा आर्म घ्या. मॉनिटर वर चढत असेल किंवा खाली बसत असेल तर गॅस स्प्रिंगचा स्क्रू ॲलन कीने फिरवायचा. पडदा नुसता पुढे झुकत असेल तर मागच्या प्लेटजवळचा टिल्टचा बोल्ट आवळायचा. हे दोन वेगळे स्क्रू आहेत, आणि लोक हमखास चुकीचा पिळत बसतात. टेबल पार्टिकल बोर्डचं असेल तर क्लँपखाली दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी किंवा जाड प्लायचा तुकडा घाला, नाहीतर बोर्ड दबून कडेला भुगा होतो.

ग्राफिक्स कार्डाचं गणित सरळ आहे. आताच्या पडद्यावर ३६.८६ लाख पिक्सेल आहेत, नव्यावर ४९.५४ लाख असतील, म्हणजे ३४ टक्के जास्त. कार्ड आधीच पूर्ण ताकदीने चालत असेल, तर जिथे १०० फ्रेम मिळत होत्या तिथे ७५ ते ८० धरा. ४०६० वर फोर्झा सेटिंग थोडी उतरवून आणि डीएलएसएस (कमी पिक्सेलांत चित्र काढून ते मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) लावून मजेत चालेल. नव्या, जड खेळांत मात्र ८ जीबी मेमरी आधी दम तोडेल: सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात आणि मध्येच झटके बसतात. तेव्हा टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची बारकाई) एक पायरी खाली आणा, बाकी काही हलवू नका. पुढे कार्ड बदलाल तेव्हा १२ जीबीच्या खाली बघू नका.

तुमच्या तीन खेळांपैकी अल्ट्रावाइडचं सोनं करतो तो एकटा फोर्झा. व्हॅलोरंटमध्ये जास्तीचं दृश्य मिळतच नाही. बाजूला काळे पट्टे येतात, नाहीतर चित्र ताणलं जातं. ताणण्यापेक्षा २५६० × १४४० ठेवा आणि एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये स्केलिंग ‘ॲस्पेक्ट रेशो’वर करा. दोन्ही बाजूंना ४४०-४४० पिक्सेल काळे राहतील आणि मधला भाग अगदी आताच्या २७ इंचीएवढा दिसेल. एल्डन रिंगही १६:९ मध्येच अडकलेला आहे, वर ६० फ्रेमची मर्यादा. ते पट्टे काढणारे मॉड आहेत, पण त्यासाठी अँटी-चीट बंद करून ऑफलाइन खेळावं लागतं. भविष्यात प्लेस्टेशन ५ जोडायचा विचार असेल तर तोही १६:९ च देतो.

जिथे २१:९ नीट चालतं, तिथे आणखी एक गंमत दिसते. १६:९ वर आडवा १०६ अंशांचा कोन असेल, तर तीच उंची धरून अल्ट्रावाइडवर तो जवळपास १२१ होतो. कडेची झाडं आणि गाड्या फुगून ताणल्यासारख्या दिसतात. वक्र पडदा हे दुरुस्त करत नाही, कारण खेळ चित्र काढतो ते सपाट पडद्यासाठीच. खेळात एफओव्हीचा (म्हणजे या दृश्यकोनाचा) स्लायडर असेल तर आठ-दहा अंश कमी करा.

पॅनलचा प्रकार खरं तर वक्रतेपेक्षा जास्त महत्त्वाचा. ३४ इंचीत बहुतेक व्हीए मिळतं, म्हणजे एलसीडीचाच एक प्रकार. काळा रंग छान, पण गडद काळ्यावरून करड्यावर यायला स्वस्त व्हीएला २०–३० मिलिसेकंद लागू शकतात. १४४ हर्ट्झला एक फ्रेम असते ६.९ मिलिसेकंदांची. म्हणजे त्या वेगाने चालणाऱ्या खेळात अंधाऱ्या गुहेत कॅमेरा फिरवला की दगडांच्या कडेला शाईचा डाग ओढल्यासारखी काळी शेपटी तीन-चार फ्रेम मागे राहते. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला लावणारी मॉनिटरची सेटिंग) ‘फास्टेस्ट’वर टाकू नका, मग शेपटीऐवजी पांढरी सावली येते. मधली पायरी ठेवा आणि ब्लॅक इक्वलायझर (गडद भाग उजळवणारी सेटिंग) थोडा वाढवा. पूर्ण काळ्यापासून सुटका झाली की पॅनल लवकर रंग बदलतं.

व्हीएचा दुसरा त्रास म्हणजे जी-सिंक किंवा फ्रीसिंक (पडद्याचा वेग खेळाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू असताना लोडिंगच्या पडद्यावर उजेड फडफडणं. मॉनिटर बिघडलेला नसतो, फ्रेमचा वेग वरखाली होतो म्हणून तसं दिसतं. खेळात सहज टिकेल अशी फ्रेमची मर्यादा बांधा, फडफड बरीच कमी होते.

क्यूडी-ओलेड म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारं पॅनल; त्यात यातली शेपटी नाही. पण खिडकीसमोर ठेवलात तर काळा रंग जांभळट-करडा दिसतो, आणि बारीक अक्षरांच्या कडांना रंग येतो. शिवाय हे पॅनल काही तासांच्या वापरानंतर स्टँडबायमध्ये स्वतःची पिक्सेल सफाई करतं. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आपली सवय इथे नडते: सफाई अर्धवट राहते आणि टास्कबारचा ठसा लवकर उमटतो. मॉनिटरची पिन वेगळ्या बटणावर लावा, ते चालूच राहू द्या.

मॉनिटर आला की विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट बघा. तो बऱ्याचदा ६० वर बसलेला असतो, आणि लोक महिनोन्‌महिने तसेच खेळतात. केबल डिस्प्लेपोर्टची वापरा. बऱ्याच मॉडेलांत एचडीएमआय २.० वर ही रिझोल्यूशन १०० हर्ट्झलाच थांबते. दोन मीटरच्या आतली, प्रमाणित केबल घ्या. काही स्वस्त केबलींत २० नंबरची पिन जोडलेली असते. त्यातून मॉनिटरकडची वीज कार्डात शिरते आणि पीसी नीट सुरूच होत नाही, मग बिचाऱ्या एसएमपीएसवर (पीसीला वीज देणाऱ्या डब्यावर) आळ येतो.

खरेदीबद्दल एकच. ३२ इंचांवरच्या मॉनिटरवर आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. त्याआधीच्या चर्चांमधल्या किमती आज धरू नका. तुमच्या यादीसाठी, व्हॅलोरंट रोज आणि फोर्झा शनिवार-रविवार असं असेल, तर आताचा २७ इंची ठेवून आधी कार्ड बदला. उलटं असेल तर १५००आरचा व्हीए घ्या, पण ऑर्डर करण्याआधी टेबल भिंतीपासून पंधरा सेंटिमीटर पुढे ओढून बघा, खुर्चीला मागे जागा उरते का ते.