हिवाळ्यात आई-वडिलांसह चार दिवस कोलकाता पाहायचे असेल, तर आखणी कशी करावी?

नाशिकहून सत्तरीच्या आसपासच्या आई-वडिलांना घेऊन डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत कोलकात्याला जायचे आहे, हाताशी चार दिवस आहेत, थंडी किती असते, काय पाहावे आणि काय सोडावे, असे तुम्ही विचारले आहे. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे त्या शहरात राहिले आणि हिवाळ्यात येणाऱ्या नातेवाइकांना शहर दाखवण्याचे काम बहुधा माझ्याकडेच असे. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

सर्वांत आधी दिवसाच्या उजेडाचा विचार करावा, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांची आखणी नेमकी तिथे कोलमडते. कोलकाता मुंबईच्या सुमारे साडेपंधरा रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र देशभर एकच असल्यामुळे तिथला सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी उगवतो व तासभर आधी मावळतो. डिसेंबरअखेर सव्वासहाच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाच वाजता सूर्य मावळलेला असतो. सुट्टीत सावकाश नाश्ता करून साडेदहाला बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला त्यामुळे उजेडाचे सहा-साडेसहा तासच मिळतात, आणि त्यातही दुपारी देवळे बंद असतात. म्हणून सकाळी सातला बाहेर पडावे, दुपारी एक-दीडला मुक्कामी परतून आई-वडिलांना विश्रांती द्यावी आणि साडेतीननंतर जवळचेच एखादे ठिकाण घ्यावे. कोलकाता हे पायी पाहण्याचे शहर आहे आणि उन्हाळा-पावसाळ्यातील तिथला दमट उकाडा ज्येष्ठांना पायी फिरू देत नाही. हिवाळ्याचे खरे मोल इथे आहे. रोज शहराचा एकच भाग घ्यावा आणि तो सावकाश पाहावा.

थंडीची चिंता नाशिककरांनी करू नये. पहाटे पारा साधारण 12 ते 15 अंशांवर असतो आणि दुपारी 25 च्या आसपास जातो, त्यामुळे एक स्वेटर आणि कानटोपी पुरते. हिवाळ्यात तिथली हवा मात्र बरीच खराब होते. आई-वडिलांपैकी कोणाला दमा किंवा खोकल्याचा त्रास असेल, तर मास्क आणि नेहमीची औषधे बरोबर असावीत, आणि फार धुरकट सकाळी तासभर उशिरा निघावे.

तारखांबाबत माझे मत ठाम आहे: 24 डिसेंबर ते 1 जानेवारी हा आठवडा ज्येष्ठांसाठी टाळावा. नाताळची पार्क स्ट्रीटवरील रोषणाई सुंदर असते हे खरे, पण त्या दिवसांत तिथे चालायलाही जागा नसते. प्राणिसंग्रहालय आणि व्हिक्टोरिया मेमोरियल यांच्यासमोर प्रचंड रांगा लागतात, आणि 1 जानेवारीला रामकृष्ण परमहंसांच्या कल्पतरू दिनानिमित्त दक्षिणेश्वर आणि काशीपूर येथे भाविकांचा लोंढा असतो. त्यानंतर संक्रांतीच्या गंगासागर मेळ्यासाठी निघालेले यात्रेकरू बाबूघाटाच्या परिसरात उतरतात. संक्रांत उलटल्यावरचा आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो: थंडी टिकून असते, गर्दी ओसरलेली असते आणि नव्या गुळाची मिठाई भरात असते. वारांचाही विचार करावा. सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात, मार्बल पॅलेस हा जुना संगमरवरी वाडा सोमवार आणि गुरुवार असे दोन दिवस बंद असतो, आणि कॉलेज स्ट्रीटवरील बहुतेक पुस्तकांची दुकाने रविवारी उघडत नाहीत. मंगळवारी सुरू होऊन शुक्रवारी संपणारा मुक्काम सर्वांत चांगला. सोमवार टाळता येत नसेल, तर तो दक्षिणेश्वर आणि बेलूर मठासाठी ठेवावा.

मुक्काम मेट्रोच्या जवळ, म्हणजे पार्क स्ट्रीट, रवींद्र सदन किंवा भवानीपूर भागात असावा. हाजरा रस्त्यावर महाराष्ट्र निवासही आहे. तिथे खोली मिळेल का, हे फार आधी विचारून ठेवावे. देशातील पहिली मेट्रो 1984 मध्ये याच शहरात सुरू झाली आणि आजही फिरण्यासाठी तिच्याइतके भरवशाचे साधन तिथे नाही. 2024 मध्ये हुगळीच्या पात्राखालून हावडा ते एस्प्लनेड मार्ग सुरू झाला. नदीखालचा सुमारे 520 मीटरचा टप्पा गाडी पाऊण मिनिटात पार करते, आणि या नव्या मार्गावरील स्थानकांत लिफ्ट व सरकते जिने असल्यामुळे वडीलधाऱ्यांना त्रास होत नाही. 2025 मध्ये विमानतळही मेट्रोने जोडला गेला आहे.

पहिली सकाळ नदीला द्यावी. मेट्रो थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते आणि स्थानकापासून देवळापर्यंत पादचाऱ्यांसाठी उन्नत मार्ग आहे. राणी रासमणी यांनी बांधलेले हे कालीमंदिर 1855 मध्ये पूर्ण झाले. नदीच्या बाजूला बारा शिवमंदिरांची ओळ आहे आणि प्रांगणाच्या वायव्य कोपऱ्यात श्रीरामकृष्णांची खोली आहे. दर्शनाची रांग मोठी असेल, तर त्या खोलीत जाऊन शांत बसावे. तिथला अनुभव गाभाऱ्यातील ओझरत्या दर्शनापेक्षा कमी नाही. तिथून मोटारबोटीने बेलूर मठाला जाता येते. हुगळीला इथपर्यंत भरती-ओहोटी असते आणि ओहोटीच्या वेळी घाटाच्या खालच्या पायऱ्या चिखलाने निसरड्या होतात, त्यामुळे आईंचे गुडघे दुखत असतील तर बोटीचा आग्रह न धरता टॅक्सी करावी. बेलूरचे मुख्य मंदिर 1938 मध्ये झाले. देऊळ, चर्च आणि मशीद या तिन्ही वास्तूंच्या खुणा एकाच इमारतीत किती सहज मिसळल्या आहेत, हे समोरच्या हिरवळीवरून नीट दिसते. दुपारी मंदिर बंद होते, म्हणून अकराच्या आत पोहोचावे.

दुसरा दिवस ‘मैदान’ या शहरातील विस्तीर्ण मोकळ्या जागेच्या परिसराचा. व्हिक्टोरिया मेमोरियलची बाग सकाळी लवकर उघडते. तिथे फेरफटका मारून इमारत उघडल्यावर आत जावे. मकराण्याच्या संगमरवरातील ही इमारत 1921 मध्ये खुली झाली. तिचे वास्तुविशारद विल्यम इमर्सन यांनीच तरुणपणी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटची, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईची, रचना केली होती. आत थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी रंगवलेली अठराव्या शतकातील भारताची चित्रे आहेत. ती न पाहता केवळ बाहेरून छायाचित्रे काढून परतणारे पर्यटक पाहिले, की मला फार वाईट वाटते.

संपूर्ण शहरात एकच ठिकाण पाहता येणार असेल, तर मी याच परिसरातल्या भारतीय संग्रहालयातील भारहुतचे दालन सांगेन. 1814 मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय अवाढव्य आहे आणि सगळे पाहण्याच्या नादात थकलेली माणसे नेमक्या या दालनातून घाईने निघून जातात. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात भारहुत येथे इ.स.पू. दुसऱ्या शतकात उभारलेल्या स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांना 1873 मध्ये आढळले आणि त्याचा लाल वालुकाश्माचा कठडा व तोरण इथे आणून उभे केले गेले. त्या कठड्यावरील अनेक प्रसंगांखाली, तसेच यक्ष-यक्षींच्या मूर्तींशेजारी, ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली आहेत, त्यामुळे प्राचीन शिल्पात नेमके काय दाखवले आहे, हे अभ्यासकांना शिल्पावरच वाचता आले. जेतवनाच्या दानाचे वर्तुळाकार शिल्प अवश्य शोधावे: अनाथपिंडिक या श्रेष्ठीने बुद्धासाठी उद्यान विकत घेताना संपूर्ण जमिनीवर नाणी अंथरली, ही ती कथा. बैलगाडीतून नाणी उतरवली जात आहेत, माणसे चौकोनी नाणी जमिनीवर मांडत आहेत, आणि एवढा सगळा व्यवहार एका पदकात मावला आहे. तुम्ही नाशिकचे असल्यामुळे पांडवलेणीतील ब्राह्मी लेख पाहिलेच असतील; ही त्याच लिपीची त्याहूनही जुनी अक्षरे आहेत. या एका दालनाला पूर्ण तास द्यावा. इजिप्तच्या ममीसमोर लहान मुलांची गर्दी असते. ती पाहिली नाही तरी चालेल.

तिसरा दिवस उत्तर कोलकात्याचा. मुक्काम मंगळवारी सुरू होत असेल, तर तो गुरुवारी येतो आणि मार्बल पॅलेस बंद असतो, म्हणून शक्य तर दुसऱ्या दिवसाशी अदलाबदल करून तो बुधवारी घ्यावा. सकाळी सातच्या सुमारास हावडा पुलाखालील मल्लिक घाटाच्या फूलबाजारात जावे. पायाखाली चिखल आणि डोक्यावरून जाणारे भारे असल्यामुळे आई-वडिलांना बाजाराच्या आत न नेता कडेने दाखवावा. 1943 मध्ये वाहतुकीसाठी खुला झालेला हा पूल नदीत एकही खांब न टाकता उभा आहे आणि लाँचमधून पाहिल्याशिवाय त्याच्या आकाराची कल्पना येत नाही. नंतर जोडासांको येथील ठाकूरबाडी पाहावी. रवींद्रनाथांचा जन्म 1861 मध्ये याच वाड्यात झाला आणि 1941 मध्ये त्यांनी देहही इथेच ठेवला. विलायतेला जाण्यापूर्वी, 1878 मध्ये, ते मुंबईत प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी इंग्रजी वळणाचा सराव करण्यासाठी राहिले होते, हे मराठी माणसाने तिथे आठवावे. जवळच मार्बल पॅलेस आहे आणि पुढे कॉलेज स्ट्रीट. तिथले कॉफी हाउस जिना चढून वर आहे. वडिलांना पुस्तकांची आवड असेल, तर हे कष्ट घ्यावेत.

या भागात आणखी उत्तरेला बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या, तेव्हा 1742 मध्ये कोलकात्याच्या रहिवाशांनी बचावासाठी खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आले नाहीत, खंदक अर्धवट राहिला, पुढे 1799 मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आपल्या शालेय पुस्तकांत ही स्वारी पराक्रम म्हणून येते. बंगाली घरांत मात्र बर्गींची, म्हणजे मराठा स्वारांची, भीती अंगाईगीतातून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, कारण गावे उजाड झाली ती त्यांची. गल्लीत पाहण्यासारखे काही उरलेले नाही, तरीही मराठी पाहुण्यांना मी तिथे आवर्जून नेत असे. तिथून जवळ असलेल्या कुमारटुलीत जानेवारीमध्ये सरस्वतीच्या मूर्ती घडत असतात. पेंढ्याचा सांगाडा, त्यावर नदीची माती आणि शेवटी रंग, हे सगळे टप्पे एकाच गल्लीत शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

चौथा दिवस हलका ठेवावा. एल्गिन रस्त्यावरील नेताजी भवनात ती वाँडरर मोटार जपून ठेवली आहे, जिच्यातून सुभाषबाबू जानेवारी 1941 मधील एका रात्री नजरकैदेतून निसटले. तो प्रवास हिवाळ्यातलाच असल्याने या दिवसांत ते घर पाहताना वेगळेच वाटते. साउथ पार्क स्ट्रीटचे जुने ब्रिटिश कब्रस्तान सावलीचे आणि निवांत आहे. संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स तिथे चिरविश्रांती घेत आहेत. ट्रामचे जाळे आता फारच आक्रसले आहे; एस्प्लनेडला चौकशी करावी आणि चालू असेल त्या मार्गावर एक फेरी करावी. तुमच्या तारखा जानेवारीच्या उत्तरार्धात गेल्या आणि घरात शास्त्रीय संगीताची आवड असेल, तर डोव्हर लेन संगीत संमेलन चुकवू नये. पुण्यात आता दुर्मीळ झालेली रात्रभराची मैफल तिथे अजून अनुभवता येते, आणि सभागृह बंदिस्त असल्याने थंडीही बाधत नाही.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण शाकाहारी ज्येष्ठांचे तिथे हाल होतात हा समज मला खोडायचा आहे. हिवाळ्यात ताज्या मटारचे सारण भरलेली कचोरी, म्हणजे कोडाइशुटीर कोचुरी, आणि बटाट्याचा दम हा नाश्ता सर्वत्र मिळतो. नोलेन गूळ तर याच दिवसांचा: शिंदीच्या झाडाला रात्रभर लावलेल्या मडक्यातला रस पहाटे उतरवून, आंबण्याआधी आटवला जातो, आणि थंडी सरली की हा रस बिघडतो. या गुळाचा ‘संदेश’, म्हणजे छेन्याची बंगाली मिठाई, 1844 पासून चालत आलेल्या गिरीशचंद्र दे व नकुडचंद्र नंदी यांच्या दुकानात किंवा भवानीपूरच्या बलराम मल्लिक यांच्याकडे खावा. जयनगरचा मोआ, म्हणजे सुवासिक लाह्यांचा याच गुळातला लाडू, परतीच्या दिवशीच विकत घ्यावा, कारण तो फार दिवस टिकत नाही.

प्रवासासाठी रेल्वे घेणार असाल, तर नागपूरमार्गे जाणारी गाडी निवडावी. प्रयागराजमार्गे जाणाऱ्या गाड्या जानेवारीत गंगेच्या खोऱ्यातील धुक्यामुळे तासन्‌तास रखडतात. गीतांजली एक्सप्रेस याच नागपूरच्या मार्गाची. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, 1977 च्या डिसेंबरात, ती वर्गविरहित गाडी म्हणून सुरू झाली होती. आज तिला वातानुकूलित डबे आहेत आणि आई-वडिलांसाठी तेच घ्यावेत. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते, त्यामुळे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निघायचे असेल, तर नोव्हेंबरच्या मध्यापासून तयारीत राहावे आणि तिकीट काढताना वडीलधाऱ्यांसाठी खालच्या बर्थची मागणी नोंदवावी.