उणे दोनावा की उणे दुसरा?

ठाण्यात नौपाड्याला घरी शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंचा प्रश्न: क्षच्या डोक्यावर घातांक म्हणून −२ असेल तर मराठी माध्यमाच्या मुलांपुढे ते वाचायचं कसं? 'उणे दोनावा घात' म्हटलं की मुलं फिसकन हसतात. शिवाय ऋण, उणे, वजा हे सगळं एकच का?

मुलं हसतात ते बरोबरच आहे. मराठीत 'वा' लागतो तो पाचापासून. त्याआधी पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. म्हणून 'उणे पाचवा घात' खपून जातो आणि 'दोनावा' कानाला टोचतो. 'उणे दुसरा' व्याकरणात बसेल, पण दुसरा म्हटलं की रांग आली, आणि रांगेत शून्याच्या अलीकडे कोण उभं राहणार? घोडबंदर रोडच्या टॉवरात तळघरात गाडी ठेवणारासुद्धा 'मायनस टूला लावली' म्हणतो, 'उणे दुसऱ्या मजल्यावर' नाही. मी सरळ 'क्षचा घातांक उणे दोन' असं वाचेन.

वजा ही क्रिया: दहातून तीन वजा. उणे ही संख्येची खूण. ऋण ही तिची जात, ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये अशा संख्यांचे नियम सांगितले ते धन आणि ऋण, म्हणजे गाठीचा पैसा आणि कर्ज, याच जोडीने. तेव्हा घातांक ऋण आणि त्याची किंमत उणे दोन. 'वजा दोन'ही सर्रास ऐकू येतं. मी कुणाला टोकत नाही.

खरा घोळ पुढे आहे. 'ऋण' ऐकलं की मुलं उत्तरालाच ऋण करून टाकतात. दोनचा घातांक उणे तीन दिसला की −८ लिहून मोकळी! हवं असतं एक छेद आठ. इथे 'घात' उलगडून सांगावा. संस्कृतात मारणं आणि गुणणं, दोन्ही 'हन्'च्याच पोटातले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात वर्गाला 'समद्विघात' म्हटलंय, सारख्या दोहोंचा गुणाकार. घातांक धन असेल तर एकाला त्या संख्येने तितक्या वेळा गुणायचं, ऋण असेल तर तितक्या वेळा भागायचं.

मग असं एखादं समीकरणही सोपं. क्षचा घातांक उणे दोन, किंमत एक छेद एकोणपन्नास. दोन्ही बाजू उलट्या केल्या की क्षचा वर्ग एकोणपन्नास, म्हणून क्ष सात किंवा उणे सात. (क्ष शून्य मात्र चालणार नाही, शून्याने भागणार कसं?) आणि एकोणपन्नास तरी काय, एक-ऊन-पन्नास! हा 'ऊन' आणि आपला 'उणे' एकाच घरातले.