एकच गाडी धर

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद.

तू संग्रहासाठी घेतलेल्या, ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ या जुन्या अमेरिकन आगगाडीच्या मेनूचा फोटो पाहिला. १९३८ साली डिझायनर हेन्री ड्रेफस यांनी ती गाडी इंजिनाच्या तोंडवळ्यापासून जेवणाच्या ताटल्यांपर्यंत नव्याने घडवली. न्यूयॉर्क ते शिकागो सोळा तास. तेव्हा तिच्या कागदांमागे सगळेच लागणार, आणि मागणी आली की नकला आल्याच. अंधाऱ्या खोलीत त्यावर अतिनील टॉर्च मारून बघ. कागद निळसर पांढरा झळाळला तर दाल में काला समज. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण १९५० नंतर सर्रास आली.

माझं ऐकशील तर संग्रहासाठी एकच गाडी धर, तिचेच कागद जमव. मी ‘कॅलिफोर्निया झेफर’ सुचवेन. २० मार्च १९४९ ला सुरू झाली, मार्च १९७० मध्ये बंद पडली. जेमतेम एकवीस वर्षांचा कारभार, म्हणजे आवाक्यातला. ती धावायची तीन कंपन्यांच्या रुळांवरून: बर्लिंग्टन, रिओ ग्रांडे आणि वेस्टर्न पॅसिफिक. तिघींची वेळापत्रकं वेगळी, गाडी एकच. नाव ऐकून मात्र भुलू नकोस. ॲमट्रॅक या अमेरिकेच्या सध्याच्या प्रवासी रेल्वे कंपनीची त्याच नावाची गाडी आजही शिकागोहून सुटते. तारीख बघितल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही.

सुरुवात वेळापत्रकांपासून कर. मेनूपेक्षा ती पुष्कळ छापली गेली, म्हणून मिळतातही. एक उलगडून टेबलावर पसर. मधे स्टेशनांची यादी. एका बाजूचा रकाना वरून खाली वाचायचा, दुसऱ्या बाजूचा खालून वर. जाणारी आणि येणारी, दोन्ही गाड्या एकाच यादीवर भागवल्यात. बारीक टायपातल्या वेळा मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतच्या, ठळक त्यानंतरच्या. आता पश्चिमेला जाणारी झेफर डेन्व्हरहून केव्हा सुटते ते बघ. टाइप बारीक, म्हणजे सकाळ. रॉकी पर्वत दिवसाउजेडी पार व्हावेत अशीच वेळ बांधली होती. छतावर काचेचे घुमट असलेले डबे त्यासाठीच तर होते. कोरं करकरीत पत्रक मिळालं तर उत्तम, पण एखाद्या प्रवाशाने आपल्या स्टेशनाभोवती पेन्सिलीने गोल केला असेल तर मी तेच उचलीन.

गाडीच्या भोजनयानातल्या बिलांचंही तेच. वेटरने तोंडी ऑर्डर घ्यायची नाही, प्रवाशाने स्वतः लिहून द्यायची, असा तिथला रिवाज होता. म्हणजे वापरलेल्या बिलावर कुणातरी भुकेल्या माणसाचं हस्ताक्षर असतं. अक्षर आणि कॉफीचा डाग बघून इतर गिऱ्हाइकं पुढे सरकली तर सरकू देत.

रंगीत मुखपृष्ठांत फार रमू नकोस. ती जाहिरात होती, आणि जाहिरात सगळं सांगत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गाड्यांत काळ्या प्रवाशांची जेवणाची टेबलं पडद्याआड असत. १९४२ साली सदर्न रेल्वेच्या गाडीत एल्मर हेंडरसन यांना जेवायला बसू दिलं नाही. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९५० साली जिंकले. मेनूवर यातलं अक्षरही सापडणार नाही. पुलमन कंपनीच्या शयनयानांत बिछाने घालणाऱ्या पोर्टर मंडळींनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली. कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ उजाडलं. त्या संघटनेचं एखादं पत्रक किंवा वर्गणीची पावती हाती लागली तर चकचकीत मेनू बाजूला ठेव आणि आधी ते घे.

ठेवणीबद्दल थोडक्यात. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. पीव्हीसीची पाकिटं काही वर्षांत चिकट होऊन छपाईला बिलगतात, पॉलिएस्टरची घे. गंजलेल्या पिना खेचून काढू नकोस, मला दाखव. घड्या पुन्हापुन्हा उलगडू नकोस आणि उन्हाच्या भिंतीवर फ्रेम लावायचा मोह आवर.

पुढच्या महिन्यातल्या ट्रेन शोला रविवारी दुपारी जाऊ. विक्रेते आवराआवर करायला लागले की घासाघीस जमते. टेबलावरच्या मालाकडे नंतर बघू, आधी खालची खोकी.

मामीने चिवडा पाठवलाय. तो खाल्ल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय मेनूला लावायचा नाही.

तुझा,
मामा